दोन दिवस बंद दार: नागपुरातल्या एका मायक्रोब्रुअरीचा दुसरा उन्हाळा

हे प्रकरण नागपूरच्या पश्चिम भागातल्या एका लहान ब्रुअरीचे, म्हणजे जागेवरच ताजी बियर बनवून विकणाऱ्या ठिकाणाचे आहे. मालकांची नावे आणि जागेच्या खुणा गाळल्या आहेत. लिटर आणि रुपयांचे आकडे थोडे गोल केले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. आंबवण प्रक्रियेची सल्लागार म्हणून मी त्यात मधूनच शिरले. त्याआधीचे जे लिहिले आहे ते दोन्ही भावांनी आणि त्यांच्या नोंदवहीने सांगितलेले आहे.

पार्श्वभूमी

दोघे चुलतभाऊ. थोरल्याला सगळे दादाच म्हणतात. त्यांचे परमिट रूम वीस वर्षांचे, सावजी मटणासाठी ओळखले जाणारे, बांधलेले गिऱ्हाईक असलेले. धाकटा सहा वर्षे पुण्यात ब्रुअरीत काम करून परतला होता. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात २००९ साली सुरू झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पुण्या-मुंबईत ताज्या बियरची चव असलेला एक वर्ग तयार झाला. नागपुरात तो वर्ग होता, पण विखुरलेला. कोणी पुण्यात शिकून आलेला, कोणी बंगळुरूहून घरी बसून काम करणारा. बाकी शहर स्ट्राँग बियरचे. साडेसहाशे मिलिलिटरची थंड बाटली, सोबत चकणा, विषय संपला.

वरच्या मजल्यावर पाचशे लिटरची भट्टी आणि पाचशे-पाचशे लिटरच्या चार टाक्या बसवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये, हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर, नळ सुरू झाले. करोनाची दोन वर्षे अधिवेशन नागपुरात झाले नव्हते. त्यामुळे त्या डिसेंबरात हॉटेले भरलेली होती आणि पहिल्या महिन्याची विक्री खोटी वाटावी इतकी चांगली झाली. त्या महिन्यावर बेतलेले पुढचे अंदाज सगळे चुकले.

सुरुवातीला सहा नळ होते. धाकट्याला पुण्यात जे जमत होते ते सगळे त्याने इथे मांडले: गव्हाची बियर, कोल्श (हलकी जर्मन पद्धतीची), आयपीए (कडवट), स्टाऊट (काळी), एक आंबट आणि एक संत्र्याची. आयपीए पडून राहिली. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. बियरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा आणि सावजीचा तिखटपणा एकमेकांना चढवतात. तोंड पोळले की माणूस पुन्हा ग्लासाकडे जात नाही, पाण्याकडे जातो. गव्हाची बियर मऊ, तिच्यात यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास. ती रश्श्यासोबत चालली. सहा महिन्यांत नळ सहावरून तीनवर आणले. गहू, कोल्श आणि संत्रा. माझ्या मते त्यांचा तो सर्वांत चांगला निर्णय होता, आणि तो मी यायच्या आधीच त्यांनी घेतला होता.

संत्र्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथल्या प्रत्येक नव्या ब्रुअरला पहिली कल्पना तीच सुचते. पहिल्या खेपेला त्यांनी रस घातला. काढला तेव्हा रस गोड होता, दुसऱ्या दिवशी कडू झाला. नागपुरी संत्र्याच्या रसाचा हा जुना दुर्गुण आहे. त्यातले लिमोनिन रस काढल्यानंतर हळूहळू तयार होते आणि कडवटपणा उशिरा वर येतो. रसाचे कारखाने या गोष्टीशी कित्येक वर्षे झगडत आहेत. त्यातच रसातली साखर यीस्ट खाऊन टाकते, मग गोडवा जातो आणि कडू तेवढे उरते. दुसऱ्या खेपेला रसवंतीवाल्यांकडून साली आणल्या. त्या दुपारपर्यंत उन्हात पडलेल्या असत. तिसऱ्या खेपेला धाकटा काटोलकडच्या एका बागायतदाराकडे गेला आणि आंबिया बहाराची फळे आणली. आपल्या संत्र्याची साल सैल, चटकन सुटणारी. पण हवा असतो तो फक्त वरचा नारिंगी थर, खालचा पांढरा थर कडू असतो. पाचशे लिटरला दीड किलो नारिंगी साल लागते, म्हणजे जवळपास पन्नास किलो फळ आणि दोन बायकांचे अर्ध्या दिवसाचे काम. ती साल उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालायची. उरलेली फळे स्वयंपाकघरात जात. ही बियर जमली तेव्हा दादांनी पहिल्यांदा स्वतःच्या ब्रुअरीचा ग्लास पूर्ण संपवला.

केग बाहेर द्यायचा निर्णय

नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे हा कर कुठे वळता होत नाही, सरळ बिलावर दिसतो. अर्ध्या लिटरचा ग्लास साडेतीनशेला. आठवड्याच्या मधल्या दिवसांत बैठक अर्धी रिकामी. चार टाक्यांपैकी दोन कायम अर्धवट चालत होत्या. टाकी रिकामी असो की भरलेली, टाक्या थंड ठेवणाऱ्या चिलरचे वीजबिल फारसे कमी होत नाही.

महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीला आपली बियर केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात भरून दुसऱ्या परवानाधारकाला देता येते. उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदी आणि वाहतुकीचा परवाना सांभाळला की झाले. वीस वर्षांत दादांच्या ओळखी झालेल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी सदर, धरमपेठ आणि वर्धा रोडवरच्या मिळून पाच परमिट रूमना केग द्यायला सुरुवात केली. करार तोंडी. "भाऊ, तुमच्याकडं एक नळ लावतो, चाललं तं चाललं."

धाकट्याने तेव्हा विरोध केला नव्हता. त्याच्या मनात होते, पण बोलला नाही. हे त्याने मला नंतर सांगितले आणि मला ते महत्त्वाचे वाटते. थोरल्या भावाच्या ओळखीच्या माणसांबद्दल शंका काढणे म्हणजे भावाबद्दलच शंका काढणे, असे त्याला वाटले.

मार्चमध्ये तक्रारी सुरू झाल्या. एका ठिकाणी "आंबट लागते", दुसरीकडे "नुसता फेसच येते". दादांनी दोन्ही वेळा केग बदलून दिले. बियर परत आली, ओतली गेली. कारण कोणी पाहिले नाही.

अडचण

१९ एप्रिल २०२४ ला नागपूर आणि रामटेक लोकसभा मतदारसंघांत मतदान होते. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते, म्हणजे १७ तारखेच्या संध्याकाळपासून कोरडे. १७ ला रामनवमीही होती. दादांनी सगळ्या माणसांना सुट्टी दिली. बरेचसे वेटर भंडारा आणि गोंदियाकडचे, तिकडेही त्याच दिवशी मतदान होते. धाकटा काटोलजवळच्या गावी गेला. दाराला कुलूप लागले.

टाकीला मात्र सुट्टी नव्हती. धाकट्याने १६ तारखेला गव्हाची बियर शिजवली होती आणि संध्याकाळी १८ अंशांवर यीस्ट टाकले होते. यीस्टचा खरा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. साखर फुटताना उष्णता निघते आणि ती बाहेर काढली नाही तर साधारण ताकदीची बियर स्वतःच्याच आंचेवर दहा-बारा अंश सहज चढते. त्यासाठीच टाकीभोवती ग्लायकॉलचे थंड पाणी फिरवायचे असते.

कुलूप लागले त्या रात्री वादळवारा आणि अवकाळी पाऊस आला. वीज दोनदा गेली आणि आली. जनरेटर आपोआप सुरू झाला, पण चिलर सुरू झाला नाही. त्याच्या पॅनेलवर सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला होता. एखादा फेज गेला की तो मोटर वाचवण्यासाठी वीज तोडतो आणि हाताने रिसेट केल्याशिवाय परत जोडत नाही. त्याने आपले काम चोख केले. रिसेट करायला तिथे कोणी नव्हते.

१९ ला संध्याकाळी साडेसातला धाकट्याने कुलूप उघडले तेव्हा गव्हाच्या टाकीचा काटा ३१ वर होता. शेजारच्या टाकीत संत्र्याची बियर दोन अंशांवर थंड मुरत होती, ती पंधरावर आली होती. उरलेल्या दोन टाक्यांतून नळ चालत. त्यातली बियर तयार झालेली होती, तिला फारसा धोका नव्हता.

पुढच्या आठवड्यात पाच बाहेरच्या जागांना आणि स्वतःच्या नळांना मिळून साडेबाराशे लिटर द्यायची होती. लग्नसराई चालू होती. रात्री नऊ वाजता मला फोन आला.

काय बिघडले होते ते पाहणे

शनिवारी सकाळी मी गेले. गव्हाच्या टाकीचा नमुना काढला आणि वास घ्यायला वाकावेच लागले नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास. घशाखाली उतरताना गरम, रिकाम्या पोटी प्यायलेल्या कच्च्या दारूसारखी. जास्त तापमानावर यीस्ट एथिल ॲसिटेट आणि जड अल्कोहोल तयार करते. ही दोन्ही एकदा झाली की थंड केल्याने जात नाहीत, आणि आठवडाभर मुरवल्यानेही जात नाहीत.

संत्र्याच्या टाकीबद्दल मला आशा होती. त्यातले आंबवण आधीच संपलेले होते, यीस्ट तळाला बसलेले, टाकी बंद आणि दाबाखाली. खात्रीसाठी एक साधी चाचणी केली. दोन ग्लासांत नमुना घ्यायचा, एक तसाच ठेवायचा, दुसरा झाकून साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग थंड करून दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्यात लोण्याचा वास आला तर तो वास देणारे डायअसेटिल लपलेले आहे आणि पुढे वर येणार. आला नाही. संत्रा वाचला होता.

पर्याय

गव्हाच्या पाचशे लिटरचे काय करायचे यावर त्या सकाळी तीन मते होती.

दादांचे मत सरळ होते. "काऊन ओतायची ताई? हिले लागते तं स्ट्राँगसारखंच. इथले लोक तं स्ट्राँगच मांगते." त्यांना फसवायचे नव्हते, हे मी नोंदवते. त्यांना खरोखर वाटत होते की ही वेगळ्या चवीची बियर आहे आणि कमी भावात द्यावी. कच्चा माल सोळा हजारांचा, पण गल्ल्यात येणारे तीन लाख. हप्ता पाच तारखेला.

धाकट्याला मिसळायची होती. एक भाग खराब, तीन भाग चांगली. त्याने पुण्यात लहान दोष असे मिसळून जिरवलेले पाहिले होते.

मी ओतून द्या म्हणाले. मिसळण्याविरुद्ध माझा मुद्दा हिशेबाचा होता. पाचशे लिटर खराब जिरवायला दीड हजार लिटर चांगली लागली असती. ती त्यांच्याकडे नव्हती, आणि असती तरी दोन हजार लिटर मध्यम बियर गावभर गेली असती. दादांच्या पर्यायाला माझे उत्तर याहून कठीण होते. ज्या शहरात शंभरातल्या नव्वद जणांनी ही गोष्ट अजून चाखलेली नाही, तिथे पहिला ग्लास हाच त्या सगळ्या प्रकाराचा ग्लास असतो. पुण्यात वाईट लागली तर माणूस दुसऱ्या ब्रुअरीत जातो. इथे तो "क्राफ्ट बियर अशीच असते" म्हणून बाटलीकडे परत जातो.

हे मी त्यांना पटवू शकले नाही. निर्णय झाला तो दुसऱ्याच माणसामुळे. परमिट रूम सुरू झाले तेव्हापासूनचे एक वेटर काका आहेत. त्यांना तिन्ही ग्लास न सांगता समोर ठेवले: आधीची चांगली, एकास तीन मिसळलेली आणि नुसती खराब. खराब त्यांनी लगेच बाजूला केली. मिसळलेल्या ग्लासाचे दोन घोट घेतले आणि म्हणाले, "दादा, हे मी माह्या गिऱ्हाइकापुढं नाही ठेवत. उद्या मलेच विचारते ना तो."

दादा काही बोलले नाहीत. त्यांनी वही मागवली.

नोंदवहीत चढलेली बियर मनाला येईल तशी गटारात सोडता येत नाही. खात्याला लेखी कळवले, परवानगी येईपर्यंत टाकी अडकून राहिली. हे सहा दिवस मी अंदाजात धरले नव्हते. नासलेल्या बियरचे नुकसान फक्त त्या बियरपुरते नसते, तिने अडवलेल्या टाकीचेही असते.

पाच जागा, एक थर्मामीटर

आता बियर कमी होती आणि मागणारे सहा. कोणाला द्यायची हे ठरवायचे होते. मार्चमधल्या तक्रारी तेव्हा पुन्हा निघाल्या. मी धाकट्याला घेऊन दोन दिवसांत पाचही जागा पाहिल्या. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा त्या दोन दिवसांत आहे.

पहिल्या ठिकाणी केग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भट्टीपासून सहा फुटांवर उभा. वर ओले पोते आणि बर्फाची लादी. ग्लासातली बियर अकरा अंशांची. अकरा अंशांवर वायू बियरमध्ये टिकत नाही, म्हणून फेस. फेस येतो म्हणून नळ चालवणाऱ्या पोराने वायूचा दाब वाढवला होता, "जोर लावला की बियर येईन" म्हणून. दाब वाढवल्याने फेस आणखी वाढला. तिसरा भाग फेसात जात होता आणि मालकाला वाटत होते की ब्रुअरी माप कमी देते.

दुसऱ्या ठिकाणी केग थंड होता, नळी मात्र फेब्रुवारीत बसवल्यापासून एकदाही धुतली नव्हती. मी नळाचे तोंड उघडून दाखवले. आत तपकिरी शेवाळासारखा थर, व्हिनेगरचा वास. बियर चांगली होती, शेवटच्या दोन फुटांत आंबत होती. नळी दर पंधरा दिवसांनी कॉस्टिकच्या द्रावणाने धुवून पाण्याने स्वच्छ करायची असते, हे त्या मालकाला कोणी सांगितलेच नव्हते. तो रागावला नाही. म्हणाला, "बाटलीले कोणी धुते का हो मॅडम? मले वाटलं हेही तसंच."

त्याचे खरेच होते. बाटली दुकानात येते तेव्हा तिची सगळी काळजी कारखान्याने घेतलेली असते. पाश्चराइझ केलेली, बूच लावलेली, उन्हात चार तास राहिली तरी फार बिघडत नाही. केगातली ताजी बियर दुधासारखी आहे. पिशवी कुठे ठेवली, पातेले कसे घासले, यावर तिचे सगळे. दादांनी पाच जणांना बियर दिली होती, पण ती सांभाळायची कशी ते दिले नव्हते.

उरलेल्या तीनपैकी दोन अशाच होत्या. पाचवी जागा, सदरमधली, बरी निघाली. तिथे जुना आइस्क्रीमचा फ्रीजर थर्मोस्टॅट बदलून केगसाठी वापरला होता. तिथल्या नळावरच्या मुलाने ते स्वतःच्या डोक्याने केले होते.

निर्णय

धाकट्याचे म्हणणे: बाहेरचे सगळे बंद. आपली बियर आपल्या हाताखालीच राहील. दादांचे म्हणणे: पाचही ठेवू, सगळ्यांना शिकवू. या पाच माणसांपैकी दोघे त्यांच्या लग्नाला आलेले होते.

मी मधला मार्ग सुचवला आणि तो त्यांनी थोडा बदलून घेतला. जिथे मालक कूलर आणि नळी ब्रुअरीच्या माणसाच्या हातात द्यायला तयार असेल, तिथेच केग. कूलर ब्रुअरीचा, नळी ब्रुअरीची, दर दुसऱ्या मंगळवारी धुलाई ब्रुअरीची. मंगळवार घेतला कारण त्या दिवशी गर्दी सर्वांत कमी. केगवर भरल्याची तारीख लिहायची आणि तीन आठवड्यांनी उरलेला केग परत घ्यायचा. हे सगळे एका पानावर, सहीनिशी.

दोन जागा तयार झाल्या, सदरची आणि जिला नळी धुवायची माहिती नव्हती ती. तीन सुटल्या.

सुटल्या त्या कशा सुटल्या, हे मला आजही खटकते. दादांनी तिघांनाही फोनवर सांगितले. "सध्या माल कमी आहे" असे कारण दिले, खरे कारण दिले नाही. त्यातल्या एकाला वाटले की दुसऱ्याला जास्त भावात दिली. तो वीस वर्षांपासूनचा मित्र. त्याने लोकांना सांगायला सुरुवात केली की यांची बियर खराब होते म्हणून मीच बंद केली. दादांनी स्वतः जाऊन, नळ उघडून दाखवले असते तर कदाचित तीच माणसे तयार झाली असती. मी त्या वेळी आग्रह धरायला हवा होता. मी तांत्रिक अहवाल लिहून दिला आणि माणसांचा भाग त्यांच्यावर सोडला.

यंत्राच्या बाजूने केलेली कामे थोडक्यात. चिलरच्या पॅनेलला वीज परत आल्यावर पाच मिनिटांनी आपोआप सुरू होणारी जोडणी. टाकीचे तापमान ठरावीक रेषेवर गेले की तीन मोबाइलवर फोन करणारे सिमकार्डचे उपकरण. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली कोंडलेला कंडेन्सर, म्हणजे चिलरची उष्णता बाहेर टाकणारा भाग, बाहेर काढला आणि त्यावर वेगळी सावली केली. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. पत्र्याखाली त्याहून अधिक होते आणि त्या हवेत कुठलाही चिलर आपल्या कागदावरच्या क्षमतेने चालत नाही. उन्हाळ्याचे शिजवण्याचे काम पहाटे चारला हलवले. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. शिजवून उरलेला धान्याचा चोथा सकाळी सातलाच गोठ्यावर जाऊ लागला. पूर्वी तो दुपारपर्यंत पडून आंबायचा आणि शेजारी तक्रार करायचे.

परिणाम

मे २०२४ तोट्यात गेला. जूनही. दोन जागांचे दोन कूलर घेण्यात एका टाकीची कमाई गेली. जुलैपासून मात्र परत येणारे केग थांबले. बाहेर दोनच नळ असताना जितकी बियर गिऱ्हाइकाच्या ग्लासात जात होती तितकी पाच असताना गेली नव्हती, कारण तेव्हा तिसरा भाग फेसात आणि परतीत जात होता. २०२५च्या हिवाळ्यापर्यंत बाहेरच्या जागा चार झाल्या. त्यातली एक, सुटलेल्या तिघांपैकी. मित्र मात्र परत आला नाही.

२०२४च्या शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक लहान ब्रुअरी सुरू झाली. त्यांचा पहिला यीस्ट वाटेत तापून मेला आणि त्यांनी धाकट्याकडे मागितला. टाकीच्या तळातून काढलेला जिवंत यीस्ट, पंधरा लिटर. दादा म्हणाले, "आपल्याच पायावर धोंडा." धाकट्याने या वेळी तोंड उघडले. त्याचे म्हणणे असे की त्यांच्याकडचा पहिला ग्लास बिघडला तर गिऱ्हाईक आपल्याकडे येणार नाही, बाटलीकडे जाईल. एप्रिलमध्ये मी म्हणाले होते तेच, पण भावाच्या तोंडून दादांना ते पटले. यीस्ट दिला. पुढच्या मे महिन्यात यांचा मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) ट्रक अडकला तेव्हा तिकडून चार पोती आली.

एक निर्णय हिशेबात बसत नाही, पण तो इथे लिहायला हवा. वर्धा जिल्हा कोरडा आहे. शनिवारी तिकडून मोटारी येत आणि रात्री गाडी चालवत परत जात. विदर्भात दारूबंदीसाठी बायका रस्त्यावर उतरल्या आहेत, चंद्रपूर २०१५ ते २०२१ बंद होते, गडचिरोली आजही आहे. दादांची आई या धंद्यात पाऊल ठेवत नाही, आणि तिची कारणे तिने स्वतःच्या माहेरात पाहिलेली आहेत. ब्रुअरीने दोनशे मिलिलिटरचा लहान ग्लास आणला, 'एकावर एक' कधी ठेवले नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला जेवणासोबत कोकम सरबत फुकट ठेवले. एकवीसच्या आतल्या वयाचा संशय आला तर ओळखपत्र पाहतात, ओळखीच्याचा मुलगा असला तरी. शनिवारची विक्री थोडी कमी झाली. ती कमीच राहिली आहे.

वेगळे काय करता आले असते

चिलरची आपोआप सुरू होणारी जोडणी बसवताना काही हजारांत झाली असती. बसवणाऱ्याने विचारले नाही, यांनीही मागितली नाही. परंतु त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे कॅलेंडर. कोरड्या दिवसांची यादी निवडणूक जाहीर झाली तेव्हाच हातात होती. १६ तारखेला शिजवण्याऐवजी २० ला शिजवली असती तर वीज गेली काय आणि राहिली काय, टाकी रिकामी होती. यंत्राकडे बोट दाखवणे सोपे जाते म्हणून हा मुद्दा पहिल्या बैठकीत कोणीच काढला नाही. मीसुद्धा तो नंतर वही चाळताना पाहिला.

केग बाहेर द्यायचा निर्णय मला अजूनही चुकीचा वाटत नाही. एकाच बैठकीत बसून नागपूरची चव बदलली नसती. पण पाच जागी एकदम देण्याऐवजी एका जागी देऊन तीन महिने पाहायला हवे होते, आणि ती जागा ओळखीवरून न निवडता कूलरवरून निवडायला हवी होती. सदरचा तो मुलगा फेब्रुवारीतही तिथेच होता.

भावाभावांतले न बोलणे हा तिसरा मुद्दा. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. दर सोमवारी सकाळी दोघे आणि वेटर काका तीन ग्लास समोर ठेवून बसतात, कुठल्या टाकीचे ते न सांगता. काका बोलेपर्यंत भाऊ बोलत नाहीत.

विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होते. १८ च्या संध्याकाळपासून पुन्हा कुलूप. त्या आठवड्यात काहीही शिजवले नव्हते. टाक्यांत फक्त तयार, थंड बियर होती, आणि धाकटा तरीही दोन्ही रात्री वर गादी टाकून झोपला. १९ च्या पहाटे तीनला वीज गेली. पाच मिनिटे तो अंधारात पॅनेलसमोर उभा राहिला. मग चिलर सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो परत जाऊन झोपला.